गेरूचा दोर

नोकरीत किती पंचनामे केले याचा हिशेब मी ठेवला नाही. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि देवाच्या दयेनं त्यातलं बरंच विसरूनही गेलो. पण काथ्याच्या दोराचा हातभर लांबीचा एक तुकडा काही केल्या डोक्यातून जात नाही. कुणी विचारलं की, साहेब, तुमच्या नोकरीतली मोठी केस कोणती, तर मी त्या तुकड्याचीच गोष्ट सांगतो. लोक जरा हिरमुसतात. त्यांना पिस्तूल हवं असतं.

त्या वर्षी मी लातूरला फौजदार होतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जिल्हा नवा, पण पाऊस जुन्याच सवयीचा, म्हणजे तोंड दाखवून निघून जाणारा. एकीकडे गावाला जिल्ह्याचं बाळसं चढत होतं. कचेऱ्यांना जागा पाहिजे होत्या, बदलून आलेल्या साहेबांना घरं पाहिजे होती, कामाला येणाऱ्या लोकांना उतरायला लॉज पाहिजे होते. ज्याच्याकडे मोक्याची जागा होती त्यानं त्यावर बांधकाम काढलं होतं. आणि दुसरीकडे नळाला पाणी नव्हतं. आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी झाली की पहिलं काम गुन्ह्याचं नसे, रांजण भरायचं असे. एक शिपाई त्याच कामावर असायचा. मागच्या अंगणातल्या विहिरीला चिखलासकट थोडं पाणी होतं. बिचारा पोहरा सोडून तासन् तास उभा असायचा.

एका सकाळी हजेरी चालू असतानाच सायकलवरून एक माणूस धापा टाकत आला. बाजारपेठेच्या मागे एका लॉजचं बांधकाम चालू होतं. तिथला पहाड कोसळून गवंडी खाली पडला होता. परांचीला आमच्याकडे पहाड म्हणतात. लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या, त्यांना आडव्या बल्ल्या काथ्याच्या दोरानं बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, आणि त्यावर उभं राहून माणसं भिंत चढवतात.

मी जमादारांना घेऊन पोचलो तोवर गवंड्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. नायगावकडचा माणूस, बायकोसकट कामाला आलेला. मांडीचं हाड मोडलं होतं, जीव वाचला होता. खाली विटांचा खच पडला होता आणि त्यातच एक चेमटलेलं घमेलं. कामावरची माणसं घोळका करून उभी होती.

बोलत होता तो एकटा गुत्तेदार. गुत्तेदार म्हणजे बांधकामाचा ठेकेदार. स्वच्छ पांढरे कपडे, कपाळाला भस्म, आणि आवाज टिपेला. त्यानं मला कोपऱ्यातल्या बल्लीपाशी नेलं.

"साहेब, ह्यो अपघात न्हाई. घातपात हाय. हे बगा, कापलंय."

मी पाहिलं. त्या सांध्याला दोन बांध असायला हवे होते. एक ताण न सोसून तुटला होता, त्याचे तंतू पिंजारलेले होते. दुसऱ्या बांधाचा फक्त हातभर तुकडा बल्लीला चिकटून राहिला होता आणि त्याचं टोक सरळ होतं. धारेच्या हत्यारानं कापल्यासारखं. गुत्तेदार त्या बाबतीत खरं बोलत होता. आम्ही पंच बोलावले, मोजमाप घेतलं, तो तुकडा काढून सीलबंद केला.

संशयिताचं नाव शोधायला कुठं जावं लागलं नाही, ते चालत आमच्याकडे आलं असंच म्हणा. समोरच्या चहावाल्यानं जमादारांच्या कानाशी लागून खबर दिली. आदल्या आठवड्यात गुत्तेदाराचं आणि पहाड बांधणाऱ्या माणसाचं त्याच्या टपरीसमोर कडाक्याचं भांडण झालं होतं. पहाडवाला नवा दोर मागत होता. गुत्तेदार म्हणत होता, हाय त्यात भागव. शब्दाला शब्द वाढला आणि पहाडवाला सगळ्यांच्या देखत ओरडला, "ह्या पहाडावरून कुणी तरी पडंल, तवाच तुमाला कळंल!" गुत्तेदारानं त्याला त्याच पावली कामावरून काढलं.

आता तुम्हीच सांगा, फौजदाराला आणखी काय हवं? भांडण आहे, धमकी आहे, साक्षीदार आहेत, कापलेला दोर आहे. आम्ही अहमदपूरला, त्याच्या गावी, माणूस पाठवला आणि दुपारपर्यंत पहाडवाला ठाण्यात हजर झाला. पळाला नव्हता. घराच्या ओट्यावर बसून बाज विणत होता म्हणे.

मध्यम वयाचा, काटक माणूस. तळव्यांना दोराचे घट्टे. मी त्याला समोर बसवलं.

"तू धमकी दिली होतीस?"

"म्हनालतो साहेब. सगळ्यांम्होरं म्हनालतो. खोटं कशाला बोलू?"

"मग माणूस पडलाच."

"पडला. लई वाईट झालं. पर दोर म्या कापला न्हाई."

"तू नाही तर कुणी?"

"मला काय म्हाईत? साहेब, त्या सांध्याला म्या मुद्दाम दोन बांध घातलेवते. दोर जुना हाय म्हनून दोन. एक बांध असता तर म्या कुनाला वर चढू दिलं नसतं."

लोकांना वाटतं पोलीस म्हणजे दंडुका. माझा अनुभव असा की समोरच्याला बोलू द्यावं आणि तो कशाला सांभाळतोय ते पाहावं. खोटं बोलणारा स्वतःला सांभाळतो. आधी कुठं होतो, कुणाबरोबर होतो, कोणती एसटी धरली, हे न विचारता सांगतो. हा बाबा त्यातलं काहीच सांगत नव्हता. परत परत त्या सांध्यावरच यायचा, बांध कसा घातला, गाठ कशी मारली. शेवटी म्हणाला, "मला आत टाका न्हाई तर सोडा. पर दोर म्या कापला आसं एकदा झालं ना, तर मग माझ्या हातच्या गाठीवर कोन चढंल? दुसरं काय येतंय मला?"

तुरुंगापेक्षा त्याला त्या गोष्टीची धास्ती जास्त होती, आणि ती खरी होती. ज्याच्या गाठीवर लोक जीव टाकून उभे राहतात त्याचं नाव एकदा गेलं की गेलं.

पण मला वाटण्याला काय किंमत? चोवीस तासांच्या आत त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. गुत्तेदार बाहेर बाकावर ठाण मांडून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की आरोपी सापडला. एकदा आरोपी म्हणून कोर्टात नेला की शिक्षा होवो न होवो, अहमदपूरपासून नांदेडपर्यंत सगळ्या कामांवर बातमी जाणार.

मी जबाब पुन्हा वाचायला घेतले. कामावरच्या एका बिगारी बाईचा जबाब जमादारांनी लिहून घेतला होता. ती नवीच कामाला आली होती. तिनं सांगितलं होतं की विटांचं घमेलं घेऊन ती कोपऱ्याकडे निघाली असताना गवंड्यानं ते तिच्या डोक्यावरून काढून घेतलं, स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, आणि तिला मागे राहायला सांगून तो पुढे गेला. मग फळी कलली.

"जमादार," मी म्हणालो, "गवंडी घमेलं उचलतो का हो?"

जमादार हसायलाच लागले. "माझा साडू गवंडी हाय साहेब. घमेलं तर सोडाच, थापी हातातून पडली तर ती बी बिगाऱ्यानं उचलून द्यायची. गवंडी घमेलं डोक्यावर घेतो? इज्जत जाती त्याची!"

आपल्याकडच्या कामाची ही उतरंड सगळ्यांना माहीत आहे. गवंड्यानं भिंत चढवायची, बिगाऱ्यानं माल पुरवायचा. मग ह्या गवंड्यानं सगळ्यांसमोर एका नव्या बाईचं घमेलं स्वतःच्या डोक्यावर का घेतलं? त्याला त्या कोपऱ्याचं काही तरी ठाऊक असणार. एवढा विचार आला, पण पुढे काही धागा लागेना.

तेवढ्यात आमचा पाण्याचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. कपडे चिखलानं भरलेले, तोंडावर त्रासिक भाव.

"साहेब, एक इच्यारू का? मुद्देमालाच्या खोलीत कशाचा तरी दोर आसंल तर द्या ना. विहीर लई खाली गेली. पोहरा पान्याला टेकंना बगा, हातभरच कमी पडूलालंय."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो घाबरला. त्याला वाटलं मुद्देमालाला हात लावायची भाषा केली म्हणून साहेब आता निलंबित करतात. खरं सांगतो, खुर्ची सोडून त्याला मिठी मारावी असं मला वाटत होतं.

कारण पंचनाम्यात काय सापडलं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. काय सापडलं नाही हे कुणीच पाहिलं नव्हतं. बल्लीवर हातभर तुकडा होता. मग बाकीचा दोर कुठं गेला? ज्याला पहाड पाडायचा आहे तो दोर कापून पळेल. वेटाळून घरी कशाला नेईल? दोर नेला होता तो ज्याला दोराचीच गरज होती त्यानं. आणि त्या दुष्काळात दोर कशाला लागतो हे माझा शिपाई चिखलानं भरलेल्या कपड्यांनी मला सांगत होता. आम्ही मात्र आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नेऊन बसलो होतो.

लॉजच्या बांधकामामागे एक पडीक शेत होतं आणि त्यात एक जुनी विहीर. उन्हं कलायला आली होती. मी आणि जमादार पोचलो तेव्हा कामावरच्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. एक शेंदत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला.

"चालू द्या बाई," मी म्हणालो. "पोहरा वर येऊ द्या."

पोहरा वर आला तसा दोरही वर आला. अर्धा साधा, वापरून गुळगुळीत झालेला. त्याला गाठ मारून पुढं काथ्याचा दुसरा दोर जोडलेला. त्या दुसऱ्या दोराच्या पिळांत सिमेंटची करडी खपली बसली होती आणि त्याचं एक टोक सरळ कापलेलं होतं. माझ्याकडचा तुकडा त्याला लावून बघायचीही गरज नव्हती, पण पंचांसमोर लावला. तंतोतंत बसला.

"हा दोर कुणी आणला?"

एकीनं पदर तोंडात धरला. जमादारांनी आवाज चढवला तसा मी त्यांना हातानं थांबवलं. बायकांच्या मागे एक सावळी, मजबूत बांध्याची बाई होती. ती दवाखान्यातून नुकतीच येऊन नवऱ्यासाठी पाणी न्यायला थांबली होती. ती गवंड्याची बायको, हे मला तिच्या डोळ्यांवरूनच कळलं. ती घागर खाली ठेवून पुढे आली.

"म्या आनला साहेब. मला न्या. ह्या बायांला काय म्हाईत न्हाई."

"पहाडावर तू चढलीस?"

"हाव."

"अंधारात, लुगड्यावर, एवढ्या उंच?"

"हाव म्हनलं ना."

ती पहाडावर चढली नव्हती हे लहान पोरालाही कळलं असतं. मी ते ताणलं नाही. फक्त विचारलं, ह्या विहिरीवर का यावं लागतं, कामावर पाणी नाही का? तेव्हा सगळ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. कामावर पाणी होतं. टँकर रोज येत होता. पण ते पाणी हौदात जायचं आणि हौदाला कुलूप होतं. ते विटा भिजवायला आणि स्लॅबवर मारायला. माणसांनी आपलं आपण बघायचं.

"विटाला पानी देत्यात, आमाला न्हाई," एक म्हातारी म्हणाली. "म्हनून आमी इथं येतो. हितलं बी खाली गेलं. दोर पुरंना. दोन दिस लेकरं तशीच झोपली."

मी तिथून थेट दवाखान्यात गेलो. गवंड्याच्या पायाला वजन लावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी जबाब घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी स्टूल ओढून बसलो. सगळ्यात आधी त्याला सांगितलं की पहाडवाला आमच्या ताब्यात आहे.

तो एकदम उठून बसायला गेला आणि वेदनेनं कण्हला. "त्याला कशापायी? त्यानं काय केलं?"

"मग कुणी केलं? विहिरीवर तुझी बायको म्हणते तिनं केलं."

"खोटं बोलूलालीय ती साहेब." त्यानं डोळे मिटले. "मला वाचवूलालीय. लिव्हा तुमी. म्या कापला दोर."

असे क्षण नोकरीत फार थोडे येतात. एका गुन्ह्याचे दोन आरोपी आणि दोघंही आपणहून पुढे येतात, तेही एकमेकांसाठी. आयुष्य गेलं ते उलट्या बोंबा ऐकण्यात.

त्यानं सांगितलं ते असं. काम सुटल्यावर बायको विहिरीवरून रिकामी आली. दोर पुरत नव्हता. कामावर मोकळा दोर कुठं नव्हता. तो संध्याकाळी वर चढला. त्या कोपऱ्याचं प्लास्टर झालेलं होतं, तिकडे दुसऱ्या दिवशी कुणी जाणार नव्हतं. सांध्याला दोन बांध होते. त्याला वाटलं, एकावर निभतंय, दोन दिवसांत दुसरा दोर मिळाला की परत बांधू. विळ्यानं एक बांध कापून घेतला. त्या रात्री पाणी मिळालं.

"सकाळी गुत्तेदारानं सांगितलं, इटा त्याच कोपऱ्यात रचा. माझं काळीजच गेलं. सांगावं तर दोर चोरला म्हनून दोघांला हाकललं आसतं. तवर ती बाई निघाली घमेलं घेऊन. नवीन होती, तिला काय म्हाईत? म्हनलं, आपन पाप केलं, आपनच जावं. घमेलं अलीकडंच ठिवतो आन् बांध घालतो, आसं म्हनून गेलतो. त्याच्या आदीच फळी गेली."

मी लिहून घेत होतो. तो थांबला आणि म्हणाला, "म्या सांगितलं तर गुत्तेदार माझ्यावर एक पैसा खर्च करनार न्हाई. म्हाईत हाय मला. पाय गेला तर गेला. पर त्याला सोडा साहेब. त्यानं दोन बांध घातलेवते म्हनून पहाड रातभर तरी ऱ्हायला."

मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आज पुन्हा लिहितो. मी त्या माणसाचा ऋणी आहे. त्यानं तोंड मिटून घेतलं असतं तर त्याच्या बाजूनं सगळं सोयीचं होतं. दोर विहिरीवर सापडला तरी मी कुणाकुणावर आणि काय सिद्ध केलं असतं? एका माणसाची अब्रू गेली असती आणि ती घालवण्याच्या कागदावर माझी सही असती. ती सही त्यानं माझ्या हातून होऊ दिली नाही.

पहाडवाल्याला मी त्याच संध्याकाळी सोडलं. कोर्टात न्यायचं कारणच उरलं नव्हतं. त्याला खरं काय ते सांगितलं आणि वाटलं, हा आता गवंड्याच्या नावानं बोटं मोडेल. तो सरळ दवाखान्याची वाट धरून गेला. मीही मागोमाग गेलो, न जाणो काही भांडण व्हायचं. गवंडी त्याला बघून हात जोडायला लागला. ह्यानं ते हात खाली दाबले.

"हात ऱ्हाऊ दे. आदी बरा व्हय," तो म्हणाला. मग खाटेच्या कडेला बसून, "येड्या, दोर पायजे होता तर मला सांगायचं. माझ्या घरी बाजंचा पडलाय."

दोघंही हसले. हसताना गवंड्याचा पाय दुखला आणि तो कण्हत कण्हत हसत राहिला. त्याची बायको दाराशी उभी होती. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

राहिला गुत्तेदार. त्याला मी ठाण्यात बोलावलं. तो आला तो आरोपीचं काय झालं हे विचारतच.

"हौदाची किल्ली आहे का तुमच्याजवळ?" मी विचारलं.

"हाय की. काऊन?"

"टेबलावर ठेवा."

त्यानं ठेवली. मग मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तो आधी तणतणला. म्हणाला, टँकरचं पाणी बांधकामालाच पुरत नाही, स्लॅब वाळला तर तडे जातील, सगळ्यांना कुठून पाजू? मी म्हणालो, विटा तहानेनं मरत नाहीत आणि चोरीही करत नाहीत. जुना दोर बदलून मागितला तर माणसाला काढून टाकलंत, माणसांनी पाणी मागितलं तर कुलूप लावलंत, आणि पहाड पडल्यावर आरोपी मला शोधायला सांगता? हयगयीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. पुढे कोर्टानं त्याला दंडही केला, आणि गवंड्याच्या उपचाराची जबाबदारी त्याच्या वकिलानं लिहून दिली. गवंडी खटल्यात साक्षीदार राहिला. त्याच्या अंगावर चोरी घालायची की नाही हे माझ्या वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, साहेब, दोर कामावरून कामावरच्या माणसांच्याच विहिरीत गेला, बाहेर कुठं गेला? वरिष्ठ हसले आणि तो विषय तिथंच मिटला. त्यांचेही उपकार आहेतच.

गुत्तेदार वाईट माणूस नव्हता. ते मला नंतर कळलं. सोमवारी उपास धरायचा, दारात आलेल्याला जेवू घालायचा. पण त्याच्या लेखी भिंत म्हणजे बांधकाम, आणि पहाड म्हणजे काम झालं की मोडून टाकायची वस्तू. मोडायच्या वस्तूवर खर्च कशाला करायचा? आणि त्या पहाडावर माणसं उभी असतात हे त्याला रोज दिसत असूनही दिसलं नव्हतं. असे लोक मी सगळ्याच धंद्यांत पाहिले आहेत, पोलीस खात्यातही. त्यानं पुढे पहाडवाल्याला परत बोलावलं, स्वतः, अहमदपूरला जाऊन.

पहाडवाला लगेच हो म्हणाला नाही. त्यानं अटी घातल्या. पहिली म्हणजे कामाच्या दारात माणसांसाठी पाण्याचं पिंप, कुलूप न लावलेलं. दुसरी म्हणजे सकाळी त्यानं प्रत्येक बांध हातानं ओढून बघितल्याशिवाय वर कुणी चढायचं नाही, गुत्तेदारसुद्धा. आणि तिसरी त्याची स्वतःची युक्ती होती. पहाडाचा सगळा दोर त्यानं बांधायच्या आधी गेरूच्या पाण्यात बुडवून वाळवला. लालभडक.

मी एकदा त्या रस्त्यानं जात होतो तेव्हा थांबून विचारलं, हे काय नवीन?

"गेरूच्या दोरानं कुनी पानी शेंदतंय का साहेब?" तो म्हणाला. "पानी लाल व्हतंय. आता कितीबी तहान लागू द्या, ह्यो दोर कुनी न्यायचा न्हाई. आन् लांबून दिसतंय बी, कुठला बांध हाय आन् कुठला गेला."

साधी गोष्ट. पहाडाच्या सुरक्षिततेवर मी नंतर मोठमोठी भाषणं ऐकली, शिरस्त्राणं आणि पट्टे आले ते चांगलंच झालं. पण एवढ्या कमी खर्चात एवढं काम करणारी दुसरी गोष्ट मला कुणी दाखवली नाही.

माझी बदली झाली. पुढे बरीच वर्षं नांदेडला काढली आणि तिथंच निवृत्त झालो. सकाळी फिरायला जायची सवय लागली. मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या माणसाकडे विष्णुपुरीच्या बाजूला गेलो होतो, तिथं रस्त्याला लागून एका घराचं काम चालू होतं. लहानच काम, जुन्या पद्धतीचा बल्ल्यांचा पहाड. आणि सगळे बांध लाल.

मी तिथंच उभा राहिलो. वाळू चाळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "मावशी, हा दोर लाल का केलाय?"

"पहाडाचा दोर लालच असतोय," ती म्हणाली, एवढंही कळत नाही अशा नजरेनं माझ्याकडे बघत. "लाल दोर विहिरीला न्यायचा न्हाई. पाप लागतं."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगायला पायजे? रीतच हाय आमच्याकडं."

मी आणखी काही विचारलं नाही. लातूरच्या एका पडीक शेतातल्या विहिरीवर सुरू झालेली गोष्ट रीत होऊन इथवर आली होती, आणि कुणाची म्हणून ती कुणालाच ठाऊक नव्हती. पहाडवाला तर कधीच गेला, हे मला माहीत होतं. गवंड्याचं गाव मात्र माझ्या लक्षात होतं. दुसऱ्याच दिवशी मी नायगावची एसटी धरली.

घर सापडलं. गवंडी ओट्यावर बसला होता. पाय अधू, केस पांढरे, पण मला बघून काठी टेकत उठला. ओळखलं त्यानं. त्याची बायको दारात सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिला आता कमी ऐकू येत होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मी त्याला विष्णुपुरीच्या पहाडाची गोष्ट सांगितली. लाल दोर, म्हातारी, रीत, सगळं.

मला वाटलं, खूश होईल, हसेल. त्याचा चेहरा मात्र काळजीनं भरला.

"आन् पानी?" त्यानं विचारलं. "पानी ठिवलंवतं का तिथं मानसांला?"

पोलिसाची नजर म्हातारपणीही सुटत नाही, त्याचा मला त्या क्षणी फार आनंद झाला.

"होतं," मी म्हणालो. "दारातच पिंप होतं. वर पत्र्याचं झाकण. मी पण प्यालो."

त्यानं मान वळवली आणि बायकोला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं हाक मारली. "आगं, ऐकलीस का? पहाडाजवळ पानी ठिवत्यात आता! साहेब सोता पेले!"

ती हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. जन्मभर तिच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही आणि त्या दिवशीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी पाणी तिनं मागितलं होतं, एवढं मला पुरेसं कळत होतं. तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली, आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन माझ्यासमोर आली.

मी स्टँडवर नुकताच पाणी पिऊन आलो होतो. तरी तो तांब्या मी दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला.